अकरा जणांचा श्वास

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात, हिंगणा रस्त्यावरच्या त्या कारखान्याच्या आवारात एक पांढरी व्हॅन येऊन उभी राहत असे, आणि त्या दिवशी अकरा माणसे मोहितच्या छातीतून श्वास सोडत.

कारखाना भट्टीच्या विटांचा. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून ज्या विटांचे अस्तर लागते, त्या इथे घडत. गारगोटी दळायची, भुकटी मिक्सरमध्ये ओतायची, साच्यात दाबायची, भाजायची. ही भुकटी हाताला पिठासारखी मऊ लागते. ती डब्यातल्या पोळीवर बसते, पापण्यांवर बसते, घामात कालवली जाऊन मानेवर वाळते. ही झाली दिसणारी. जी दिसत नाही ती आत उतरते, आणि शरीराच्या ज्या कोपऱ्यात कोणताही झाडू पोहोचत नाही तिथे कायमची वस्तीला राहते.

अशा कारखान्यात कामगारांची दरवर्षी आरोग्य तपासणी करावी, तिचा खर्च मालकाने सोसावा, कुणाच्या छातीत दोष आढळला तर त्याला धुळीपासून दूर दुसरे काम द्यावे आणि त्याच्यावर उपचार करावेत, असे कायदा सांगतो. टाइम ऑफिसच्या बाहेर काचेच्या चौकटीत हे सगळे लावलेले होते. काचेवर भुकटीचा थर होता. वाचायचे तर बाहीने पुसावे लागे.

ओमप्रकाश नावाच्या एका कामगाराने पुसून वाचले होते. सहा वर्षांपूर्वी तपासणीत, श्वास मोजणाऱ्या यंत्रावर, त्याची फुंक कमी भरली, तेव्हा तो निर्धास्त होता. चौकटीत लिहिलेले दुसरे काम आता आपल्याला मिळेल म्हणून वाट पाहत होता. नऊ दिवसांनी ठेकेदाराने त्याला फाटकावरच अडवले. "तू अनफिट हाय ना गा? मंग घरी आराम कर." आराम करता करता तो दोन पावसाळ्यांत संपला. त्याच्या जागी दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस उभा राहिला होता.

तेव्हापासून त्या कारखान्यात तपासणी या शब्दाची भीती बसली. आजारी माणूस शोधून त्याला जपण्यासाठी जे यंत्र आणले होते, ते आजारी माणूस शोधून त्याला बाहेर टाकू लागले. आणि मग माणसांनी, जी कधीच यंत्राशी भांडू शकत नाहीत, यंत्राला फसवण्याची वाट काढली.

ती वाट मोहितच्या छातीतून जात होती. मोहित पॅकिंगमध्ये होता, धुळीपासून दूर. आणि लग्नसराईत जुन्या शहरातल्या महाल भागात एका बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवत असे. वरातीपुढे तीन-तीन तास चालत वाजवणाऱ्या माणसाचा श्वास तो. व्हॅनमध्ये निळा पडदा होता. पडद्यामागे स्टुलावर बसलेला टेक्निशियन नाव पुकारी आणि मोहित, कुणाचे तरी हेल्मेट घालून, आत जाई. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि फुंक. एकेका नावाची तीन वेळा. शेवटच्या नावापर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागत.

"आ गये बँडवाले? कितवा हाय?" टेक्निशियन मान वर न करता विचारी.

"सातवा."

"जोर से, भाई. सातव्याची तब्येत सगळ्यात चांगली येऊन राहिली."

बाहेर सुरक्षा अधिकारी गौरांग घाटे हातात यादी घेऊन उभे असत. तोच माणूस अकरा हेल्मेटांखालून अकरा वेळा पडद्याआड गेलेला त्यांनी पाहिला होता. पहिल्या वर्षी मोहित त्यांना पाहून पडद्यापाशी मागे सरकला होता. घाटेसाहेब घड्याळाकडे पाहून एवढेच म्हणाले होते, "जरा लवकर आटपा रे."

अशा रीतीने नोंदवहीत अकरा माणसांची फुफ्फुसे एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखी एकसारखी उतरली, लिटरच्या आकड्यांत. पाच पॉइंट दोन. पाच पॉइंट एक. पाच पॉइंट दोन. कोणत्याही डॉक्टरला त्यांचे नवल वाटले नाही. खाली डॉक्टरची सही होती, आणि सहीखाली गोल शिक्का.

त्या अकरांपैकी एक महादेवराव. मिक्सरवर एकोणीस वर्षे. मोहितच्या थोरल्या बहिणीचा, कांताबाईचा नवरा. मोहितला या कारखान्यात चिकटवून देणाराही तोच. उंचीने लहान, बोलण्याने तिखट, मिक्सरच्या आवाजावरून मालात पाणी किती पडले ते सांगणारा. चार वर्षांपूर्वी त्याला जिना चढताना थांबावे लागू लागले, आणि तेव्हापासून त्याच्या नावाची फुंकही मोहितची झाली. दोन वर्षांपूर्वी बोलताना. यंदाच्या उन्हाळ्यात तो बसल्या जागी, काहीही न करता, धावून आलेल्या माणसासारखा धापा टाकू लागला. तेव्हा त्याची मुलगी उन्नती त्याला जबरदस्तीने सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. उन्नती मनीषनगरमधल्या एका तपासणी केंद्रात टेक्निशियन होती. फिल्मवर काय दिसते ते तिला डॉक्टरने सांगण्याआधीच कळले. दोन्ही फुफ्फुसांत पांढरे ठिपके, जसे कुणी मूठभर गारगोटी आत उधळली असावी. हा रोग बरा होत नाही, डॉक्टर म्हणाले. पण धूळ आजच थांबली तर माणूस बरीच वर्षे काढतो. नाही थांबली तर नाही.

उन्नतीने कारखान्याकडे अर्ज केला: वडिलांना धूळ नसलेल्या जागी काम द्यावे, उपचार करावेत. तीन आठवड्यांनी उत्तर आले. सोबत नोंदवहीच्या चार पानांच्या प्रती.

त्या प्रती घेऊन ती एका रविवारी सकाळी महालात, बँडच्या दुकानात आली. मोहित एकटाच होता, ट्रम्पेटला पितळ चमकवायचा ब्रासो लावत होता. तिने बसायलाही नकार दिला.

"मामाजी, बाबाची उंची किती हाय?"

"पाच-तीन असन. काहून वं?"

"अठ्ठेचाळीस वर्षांचा, पाच फूट तीन इंचाचा माणूस. रोज धुळीत उभा राहणारा. आणि त्याचा आकडा पाच पॉइंट दोन?" तिने कागद काउंटरवर आपटला. "मी रोज असे आकडे टाइप करते. हा आकडा पोहणाऱ्याचा असते. गाणाऱ्याचा असते. नाही तर..." तिची नजर त्याच्या हातातल्या पितळेवर गेली आणि तिथेच राहिली. "हा कोणाचा आकडा हाय, मामाजी?"

मोहित कापड घासत राहिला. पितळेत त्याचा चेहरा लांबट, वितळल्यासारखा दिसत होता.

"माह्या."

"चारी वर्षं?"

"चारी."

"आणखी कोणाच्या नावावर हाय तुमचा श्वास?"

"दहा जणं हायेत. तुले माईत नाही उन्नती, ओमप्रकाशचं का झालं ते. मी त्याईले वाचवलं."

"कोणाले वाचवलं?" तिचा आवाज चढला नाही; खाली गेला, आणि म्हणूनच तो सहन होईना. "पहिल्याच वर्षी बाबाचा खरा आकडा आला असता तर?"

"तर ते फाटकाबाहेर असते."

"बाहेर असते. पण श्वास घेऊन राहिले असते." तिने उत्तराचे पान त्याच्यापुढे धरले. "वाचा. 'आपल्या वडिलांची श्वसनक्षमता सलग चार वर्षे उत्तम आढळली आहे. सबब सदर आजार कारखान्याबाहेरील कारणामुळे उद्भवल्याचे दिसते.' मालकाले खोटं बोलायची गरजच नाही पडली, मामाजी. खोटं तुम्ही बोलून ठेवलं होतं. तेही बिनपगारी."

मोहितला राग आला. तिच्यावर आला, मग त्या 'सबब' या शब्दावर आला, असल्या कागदांत माणसाच्या मानेवर सुरीसारखा फिरणाऱ्या शब्दावर. मग तो राग परतून त्याच्याच छातीत येऊन बसला आणि तिथून हलेना.

"यंदा मी हळू फुंकतो," तो म्हणाला. "तू सांगशीन तो आकडा आणून देतो. दीड म्हणशीन तर दीड."

उन्नतीने त्याच्याकडे असे पाहिले, जसे एखाद्या शहाण्या माणसाला अचानक भ्रम झाल्यावर पाहावे.

"परत तुमचीच फुंक? नको. बाबाचा आकडा बाबाच्याच तोंडातून आला पाहिजे. त्याईच्याच मशीनवर, त्याईच्याच कागदावर. नाही तर उद्या ते म्हणतीन, बाहेरचे रिपोर्ट आम्ही मानत नाही."

सोमवारी मोहित घाटेसाहेबांच्या खोलीत गेला. खोलीत एसी होता. कारखान्यात धुळीचा कणही नसलेली ती एकमेव जागा. घाट्यांनी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला. सभ्य माणूस होता. सभ्यपणा त्याच्या अंगावर इस्त्रीसारखा होता.

"महादेवरावांना स्टोअरमध्ये घ्या, साहेब. भुकटीपासून दूर. मी काही बोलत नाही मंग."

"अरे, पण कोणत्या आधारावर? प्लांटमध्ये सगळ्यात चांगलं रेकॉर्ड त्यांचं आहे."

"ते रेकॉर्ड कोणाचं हाय ते तुमाले माईत हाय."

घाटे हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप नीट बशीवर ठेवला. "मोहित, मला माहीत नाही असं मी म्हणत नाही. पण मला माहीत आहे असं लिहिलेलं कुठेही नाही. तुझं मात्र लिहिलेलं निघेल. तू बोललास की अकरा रेकॉर्ड खोटी ठरतील. मग कंपनी अकरा जणांची नव्याने तपासणी करेल. आणि नव्या तपासणीत काय येईल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." कप पुन्हा उचलत ते म्हणाले, "आणि फसवणुकीबद्दल पहिला बाहेर तू."

मोहितने चहा घेतला नाही. बाहेर येताना त्याच्या लक्षात आले की त्या माणसाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. कारखान्याचे कौशल्य यातच होते: खोटे कामगारांच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि स्वतः कागदांच्या कोरड्या, स्वच्छ सत्यात राहायचे. पाच वर्षे आपण यांची बासरी होतो. आपल्याला वाटत होते, आपण वाजवतो आहोत.

महादेवरावाचे ऐकून घेणे त्याहून कठीण गेले. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे तो विटांच्या थप्पीला टेकून बसला होता. डबा उघडलेला, पोळी तशीच. घास चावणे आणि श्वास घेणे ही दोन्ही कामे त्याला आता एकाच वेळी जमत नव्हती. शेजारी भैयाजी बसले होते, साच्यांवरचे सगळ्यात जुने कामगार, अकरांतले एक.

"यंदा मी फुंकणार नाही, भाऊजी."

महादेवरावाने मान वळवली. "आजच हरिश्चंद्र व्हायचं हाय का तुले?"

"उन्नतीले कागद पाहिजे."

"तिले कागद पाहिजे. मले मिक्सर पाहिजे." तो थांबला, दोन श्वास गोळा केले. "एकोणीस वर्षं... ते मशीन मी चालवलं. माह्या कानानं. आता स्टोअरमध्ये बसून... बोल्ट मोजू? आणि ते तरी देतीन का? ओमप्रकाशले देलं?"

"नसन देलं. पण मिक्सरवर तुम्ही मरून राहिले, भाऊजी. माह्या फुंकेनं मरून राहिले."

"मंग मरू दे ना गा!" तो ओरडला, आणि त्या ओरडण्याची किंमत म्हणून पुढचे पूर्ण मिनिट तो खोकत राहिला. कपाळावरच्या शिरा फुगल्या. भैयाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोहितकडे पाहून हलकेच म्हणाले, "पोरा, त्याच्यापुरतंच ठेव. आमचं तू फुंक. माह्या घरी दुसरा कमावणारा नाही."

मोहितने भैयाजींकडे पाठ फिरवली. त्याला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता. जगण्यासाठी हात जोडणाऱ्या भैयाजींचाही, आणि ज्यांनी त्यांना तसे हात जोडायला लावले त्यांचा तर त्याहून कितीतरी जास्त.

व्हॅन आली ती गुरुवारी. मागच्याच निळ्या पडद्यासह, मागच्याच टेक्निशियनसह. मिक्सर तासभर बंद ठेवले होते आणि त्या अनोळखी शांततेत माणसांचे श्वास ऐकू येत होते, प्रत्येकाचा वेगळा, काही शिट्टीसारखे, काही करवतीसारखे. एकाही नोंदवहीने हे आवाज कधी ऐकले नव्हते.

"महादेव," टेक्निशियनने पुकारले.

रांग मोहितकडे वळली. घाट्यांनी यादीवरून डोळे उचलले. महादेवरावाने स्वतःचे हेल्मेट काढून मोहितच्या दिशेने धरले होते, नेहमीसारखे.

मोहितने हात पुढे केला नाही.

"महादेव! अरे जल्दी करा ना यार."

"भाऊजी," मोहित म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "तुमचं नाव हाय."

महादेवरावाच्या डोळ्यांत जे आले ते मोहितला पुढे कितीतरी दिवस आरशातही दिसत राहिले. त्याने हेल्मेट जमिनीवर टाकले. पडदा बाजूला सारून तो आत गेला आणि मोहितने तो पडदा पुन्हा पडू दिला नाही. हाताने धरून ठेवला.

पहिली फुंक अर्ध्यात तुटली. दुसरीत नळी तोंडातून निसटली. तिसऱ्या वेळी महादेवरावाने दोन्ही हातांनी स्टूल पकडले, मान आत खेचली आणि असा फुंकला जणू समोर कुणाचा तरी चेहरा होता. यंत्राच्या काचेवर आकडा उमटला. एक पॉइंट चार. यंत्राने बिलाच्या पावतीसारखी एक पट्टी बाहेर काढली.

टेक्निशियन आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून पाहत होता. आधी महादेवरावाकडे, मग घाट्यांकडे.

"मशीन बिघडलेलं दिसतं," घाटे शांतपणे म्हणाले. "आजची तपासणी रद्द. पुढच्या आठवड्यात दुसरं मशीन मागवू. ती स्लिप इकडे द्या."

तेव्हा मोहितच्या छातीत पाच वर्षे साठलेले काहीतरी उसळले. तो आत शिरला, डब्यातून नवी नळी घेतली, यंत्राला खोचली, नाकाला चिमटाही न लावता एका हाताने नाक दाबले आणि फुंकला. सगळा श्वास, तळापर्यंत. यंत्र क्षणभर गुरगुरले.

पाच पॉइंट दोन.

"मशीन चांगलं हाय, साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "हा आकडा ओळखा. चार वर्षं महादेवरावच्या नावावर हाच हाय. ही फुंक माही हाय. आणि याले माईत हाय," त्याने टेक्निशियनकडे बोट केले, "आणि तुमालेही. लिहून घ्या. आता तरी कुठंतरी लिहून घ्या!"

घाट्यांनी एक पॉइंट चारच्या पट्टीसाठी हात पुढे केला. महादेवरावाने ती यंत्रातून ओढून घेतली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. ती कशासाठी घेतली हे त्याला तेव्हा ठाऊक होते की नाही, सांगता येत नाही. पण एकोणीस वर्षांत या आवारातली एक वस्तू पहिल्यांदा त्याची स्वतःची होती आणि ती त्याने सोडली नाही.

रांगेत कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. "सगळ्याईले बुडवलं लेकाच्यानं," मागून कुणीतरी म्हणाले. दोघेतिघे रांगेतून निघून भट्टीकडे गेले. भैयाजी खाली मान घालून उभे राहिले.

अर्ध्या तासात मोहित फाटकाबाहेर होता. महादेवरावालाही 'पुढील आदेशापर्यंत' कामावर येऊ नका असे तोंडी सांगण्यात आले. कागद मागितला तर मिळाला नाही. उन्नती रस्त्याच्या पलीकडे स्कूटीपाशी उभी होती. बापाला येताना पाहून ती धावली. त्याने तिचा हात झटकला आणि मोहितपुढे येऊन उभा राहिला.

"काहून नाही फुंकलं गा?"

मोहितने त्याच्या आधारासाठी हात पुढे केला.

"मेलो असतो ना... कामावर मेलो असतो." महादेवरावाचा आवाज फाटला. त्याने खिशातली पट्टी काढली. उन्हात धरली. डोळ्यांजवळ नेऊन तो आकडा वाचू लागला, जसे कुणी स्वतःच्या नावाची चिठ्ठी वाचावी. "एक पॉइंट चार म्हणजे किती वं?"

"जेवढा पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी, बाबा."

त्याने पट्टी उन्नतीच्या हातात दिली. मग त्याने कारखान्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात आता मोहित कुठेच नव्हता. "आणि हे लोक मले म्हणत होते... महादेव, तू तर प्लांटचा पहिलवान." तो फाटकाच्या गजाला धरून श्वास घेत राहिला. "माईत होतं त्याईले. माईत होतं, आणि मले पहिलवान म्हणत होते."

उन्नतीने पिशवीतून तक्रारीचा कागद काढला. कारखाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या नावे. तिने पट्टी कागदाला टाचली, आणि मोहितचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेतले: पाच वर्षे मी दुसऱ्यांच्या नावावर फुंकलो. कुणाकुणाच्या, असे तिने विचारले तेव्हा मोहित थांबला. गजांच्या आड भैयाजी येऊन उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून, पुन्हा पुन्हा.

"भाऊजीचंच लिही," मोहित म्हणाला. "बाकीच्याईचं त्याईच्या तोंडून आलं पाहिजे. तूच म्हटलं होतं."

"मंग त्याईचं मरण तुमच्या डोक्यावर राहीन, मामाजी."

"राहू दे. हाय ते."

त्याने सही केली. पेन इतके दाबले गेले की कागद फाटता फाटता राहिला. वॉचमन काठी आपटत आला: "ए, फाटकासमोर गर्दी करू नका. साहेबाची गाडी निघून राहिली."

महादेवरावाने पेन हातात घेतले. श्वास पुरत नव्हता, एकेक अक्षर लिहायला वेळ लागत होता. गाडीचा हॉर्न वाजला. उन्नतीने बापाचा दंड धरून त्याला बाजूला घ्यायला पाहिले.

"वाजवू दे," तो म्हणाला, आणि फाटकाच्या मधोमध उभा राहून, मान वर न करता, आपले पूर्ण नाव लिहीत राहिला.